परीक्षकांना तुम्हाला विचारता येत नाही: संज्ञापनाच्या जर्नलकडे शोधनिबंध पाठवताना

शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकांची एक अडचण लेखकांच्या सहसा लक्षात येत नाही. वाचताना शंका आली तरी त्यांना लेखकाला विचारता येत नाही. नमुना असाच का निवडला, अमुक संज्ञा कोणत्या अर्थाने वापरली, दुसऱ्या तक्त्यातली एकूण संख्या तिसऱ्या तक्त्यात कमी का झाली, या सगळ्याची उत्तरं त्यांना हातातल्या पानांतूनच शोधावी लागतात. उत्तर सापडलं नाही, तर ते काम झालेलंच नाही असं त्यांना धरावं लागतं. जर्नलांचे बरेचसे नियम, अगदी कटकटीचे वाटणारेही, या अडचणीतून आलेले आहेत. ती डोळ्यांसमोर ठेवली की कोणती गोष्ट का मागितली जाते हे कळायला लागतं.

आधी जर्नल निवडा, मग शेवटचा खर्डा लिहा

संज्ञापन (कम्युनिकेशन) या एका शब्दाखाली फार वेगवेगळी माणसं काम करतात. कुणी एकाच बातमीची दोन रूपं दाखवून वाचकांचा प्रतिसाद मोजतं, कुणी महिनोन्‌महिने न्यूजरूममध्ये बसून निरीक्षणं टिपतं, कुणी जाहिरातींतल्या प्रतिमांची चिकित्सा करतं. त्यांची जर्नलंही वेगळी आहेत. १९५१ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ कम्युनिकेशन’ साऱ्या क्षेत्राला उपयोगी पडेल असा सैद्धांतिक मुद्दा मागतं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ह्यूमन कम्युनिकेशन रिसर्च’चा कल अनुभवजन्य, बहुतांशी संख्यात्मक कामाकडे आहे. ‘मीडिया, कल्चर अँड सोसायटी’ १९७९ पासून माध्यमांकडे सत्ता आणि संस्कृतीच्या अंगाने पाहतं. ‘न्यू मीडिया अँड सोसायटी’ १९९९ मध्ये डिजिटल माध्यमांसाठी निघालं, तर आजच्या ‘जर्नलिझम अँड मास कम्युनिकेशन क्वार्टर्ली’ची सुरुवात १९२४ इतकी जुनी आहे. प्रयोगावर आधारलेला उत्तम निबंध चिकित्सक परंपरेच्या जर्नलकडे गेला, तर तो परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. संपादक स्वतः वाचून तो परत करतात. यालाच डेस्क रिजेक्शन म्हणतात.

जर्नल जुळतंय का हे पाहायला त्याच्या संकेतस्थळावरचा ‘उद्दिष्ट आणि व्याप्ती’ हा परिच्छेद पुरत नाही. तो बहुतेकांचा सारखाच दिसतो. गेल्या दोन वर्षांतले वीस-पंचवीस सारांश वाचा. मग स्वतःची संदर्भसूची काढून त्यात कोणत्या जर्नलांची नावं पुन्हा पुन्हा येतात ते मोजा. ज्या वादात तुम्ही भर घालताय तो त्याच पानांवर चाललेला असतो. निवडलेल्या जर्नलमधला एकही लेख तुमच्या सूचीत नसेल, तर तो इशारा समजा. पण म्हणून शेवटच्या रात्री तिथले पाच लेख ओढूनताणून घालू नका. संपादकांना ते पहिल्या वाचनात कळतं.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात. एखाद्या जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून १०० लेख छापले आणि २०२४ मध्ये इतर लेखांनी त्यांचा ४०० वेळा संदर्भ दिला, तर त्याचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ४ येतो. ही जर्नलची सरासरी आहे. मोजक्या गाजलेल्या लेखांनी ती वर जाते, त्यामुळे एका लेखाचा दर्जा तिच्यावरून ठरत नाही. वैद्यकशास्त्राच्या आकड्यांशी संज्ञापनाचे आकडे ताडून पाहण्यातही अर्थ नाही, कारण दोन्हीकडची संदर्भ देण्याची रीत आणि गती वेगळी आहे.

फसव्या जर्नलांची लक्षणं पाठ करून ठेवावीत. आठवड्याभरात स्वीकृतीची हमी, एकाच जर्नलमध्ये अभियांत्रिकीपासून साहित्यापर्यंत सगळे विषय, भलत्याच संस्थेने दिलेला ‘इम्पॅक्ट’ आकडा, स्वीकृतीनंतर अचानक पुढे येणारं शुल्क आणि न विचारता येणारे स्तुतीचे ईमेल. खऱ्या जर्नलच्या नावाचं हुबेहूब खोटं संकेतस्थळ काढण्याचा प्रकारही चालतो, म्हणून पत्ता प्रकाशकाच्या मूळ पानावरूनच घ्यावा. केवळ पैसे घेतात म्हणून जर्नल खोटं ठरत नाही. मुक्त प्रवेशाची, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी, अनेक प्रतिष्ठित जर्नलं प्रक्रिया शुल्क घेतात आणि ते आधीच जाहीर करतात. २००३ पासून चालू असलेल्या डीओएजे या यादीत मुक्त प्रवेशाची जर्नलं तपासून घेतली जातात. पहिला शोध तिथे घ्यावा.

पहिलं पान

संपादक शीर्षक, सारांश आणि प्रस्तावनेची दोन-तीन पानं वाचतात, पद्धतीवर नजर टाकतात आणि निबंध पुढे पाठवायचा की नाही ते बरेचदा तेवढ्यावर ठरवतात. म्हणून ‘समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम: एक अभ्यास’ असलं शीर्षक घातक आहे. कोणतं माध्यम, कोणता परिणाम, कसा अभ्यास, यातलं काहीच त्यातून कळत नाही. ‘बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचल्यावर बातमीवरचा विश्वास बदलतो का: एक प्रयोग’ हे शीर्षक साधं आहे, पण त्यातून कारण, परिणाम आणि पद्धत तिन्ही कळतात.

सारांशाची मर्यादा बहुधा १५० ते २५० शब्दांची असते. त्यात प्रश्न, सैद्धांतिक आधार, पद्धत आणि नमुना, मुख्य निष्कर्ष आणि त्यामुळे समजुतीत काय बदललं हे सगळं बसलं पाहिजे. सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे अर्धा सारांश पार्श्वभूमीत घालवून ‘निष्कर्षांची चर्चा केली आहे’ असं शेवटी लिहिणं. निष्कर्ष तिथेच सांगा.

प्रस्तावनेत ‘या विषयावर आजवर अभ्यास झालेला नाही’ एवढ्यावर निबंध उभा राहत नाही. न झालेले अभ्यास असंख्य असतात. हा न झाल्यामुळे आपलं कोणतं स्पष्टीकरण अपुरं राहिलं, ते लिहावं लागतं. याचं जुनं पण चांगलं उदाहरण म्हणजे मॅक्स्वेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांचा ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’मधला १९७२ चा निबंध. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी त्यांनी चॅपल हिल इथल्या, मत अजून पक्कं न झालेल्या फक्त १०० मतदारांना विचारलं. नमुना लहान होता, पण दावा आणि मोजमाप एकमेकांना घट्ट चिकटलेले होते. माध्यमं ज्या प्रश्नांना जितकं महत्त्व देतात आणि मतदार ज्यांना जितकं महत्त्व देतात, ते दोन क्रम त्यांनी ताडून पाहिले. विषयपत्रिका ठरवण्याचा म्हणजे अजेंडा-सेटिंगचा सिद्धांत त्यातून रुजला. दाव्यातली प्रत्येक संज्ञा पुढे कशी मोजली हे परीक्षकांना बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, ही त्यातून घेण्यासारखी गोष्ट.

उलट टोकाला ‘फ्रेम’ हा शब्द आहे. रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये निवड आणि ठळकपणा या दोन गोष्टींवर त्याची व्याख्या मांडली, तरी आजही तो विषय, सूर, दृष्टिकोन अशा कोणत्याही अर्थाने वापरलेला दिसतो. अशी संज्ञा वापरत असाल तर तुमची व्याख्या पहिल्या दोन पानांत द्या आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहा.

पद्धतीचा भाग: इथेच निबंध पडतात

पद्धत इतकी तपशिलात लिहावी की दुसऱ्या कुणालाही तुमच्या मजकुरावरून तोच अभ्यास पुन्हा करता यावा. सर्वेक्षण असेल तर लोक कुठून आणि कसे निवडले, किती जणांना विचारलं, किती जणांनी उत्तरं दिली, कोणाची उत्तरं कोणत्या कारणाने वगळली हे आकड्यांत हवं. प्रश्नांची शब्दरचना परिशिष्टात द्या. ‘माध्यमविश्वास पाच बिंदूंच्या श्रेणीवर मोजला’ एवढ्याने काम भागत नाही. प्रश्न किती, श्रेणीची दोन टोकं कोणती, त्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात (अंतर्गत सुसंगती), तेही लागतं. प्रयोगात सहभागींची वाटणी यादृच्छिक झाली का, दाखवलेल्या मजकुरात नेमका कोणता फरक होता आणि तो फरक लोकांना जाणवला का, हे तपासलेलं असावं. नमुन्याचा आकार आधी ठरवला होता की माहिती पाहता पाहता थांबवला, हा प्रश्न आता हमखास येतो. निकालात फक्त ‘पी’चं मूल्य (खरा परिणाम नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) देऊन थांबू नका, परिणाम किती मोठा आहे आणि अंदाजाची मर्यादा काय, हे शेजारीच द्या.

आशय विश्लेषण, म्हणजे बातम्यांसारख्या मजकुराची ठरलेल्या निकषांवर वर्गवारी करून मोजणी, ही या क्षेत्राची खास पद्धत आणि चुकाही तिच्यातच जास्त. पहिला प्रश्न नमुन्याचा. दैनिकाच्या वर्षभराच्या अंकांतून सलग दोन आठवडे उचलले, तर त्या पंधरवड्यातल्या एखाद्या मोठ्या घटनेने सगळं झाकोळतं. म्हणून ‘रचित आठवडा’ घेतात: वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून एक सोमवार चिठ्ठी टाकावी तसा, मग सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस. एका वर्षाच्या दैनिकासाठी असे दोन आठवडे, म्हणजे १४ अंक, पुरेसे ठरतात असं १९९३ च्या एका बहुचर्चित अभ्यासात दिसलं होतं. तो दैनिकांवरचा होता. ऑनलाइन बातम्यांना तोच आकडा जसाच्या तसा लावला तर परीक्षक त्याचं कारण मागतात, आणि ते रास्तच आहे.

दुसरा प्रश्न कोडरांमधल्या, म्हणजे मजकूर वाचून वर्गवारी करणाऱ्यांमधल्या, एकमताचा. ‘आमचं एकमत ८६ टक्के होतं’ असं लिहून अनेक जण पुढे जातात. त्यात काय बिघडतं ते आकड्यांत पाहू. समजा १०० बातम्या आहेत आणि ‘हिंसेचा उल्लेख आहे का’ हे दोन कोडर ठरवतात. दोघेही प्रत्येकी ९० बातम्यांना ‘नाही’ आणि १० बातम्यांना ‘आहे’ म्हणतात. त्यांनी बातमी न वाचता याच प्रमाणात खुणा केल्या असत्या, तरी ८२ टक्के एकमत निव्वळ योगायोगाने झालं असतं: ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, अधिक ०.१ गुणिले ०.१ म्हणजे ०.०१. त्यामुळे ८६ टक्क्यांत खऱ्या एकमताचा वाटा अगदी थोडा उरतो. योगायोग वजा करून एकमत मोजणारा कोहेनचा कप्पा काढला तर तो जेमतेम ०.२२ येतो. खुणा मोजल्या तर गोष्ट आणखी उघड होते. दोघांपैकी निदान एकाने ‘आहे’ म्हटलेल्या बातम्या १७, आणि त्यांतल्या दोघांनीही मान्य केलेल्या फक्त ३. म्हणून योगायोग वजा करणारा निर्देशांक द्यावा लागतो. संज्ञापनात क्रिपेनडॉर्फचा अल्फा जास्त चालतो. ०.८० च्या वर असेल तर भरवशाचं, ०.६६७ ते ०.८० मध्ये असेल तर निष्कर्ष जपून, अशी स्वतः क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांची शिफारस आहे. हा आकडा प्रत्येक चलासाठी, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी, वेगळा द्या. सगळ्यांची सरासरी दिली की कमकुवत चल तिच्याआड लपतो, आणि अनुभवी परीक्षक नेमकं तेच शोधत असतात.

गुणात्मक अभ्यासात १८ मुलाखती ‘कमी’ आहेत का, याला गणिती उत्तर नाही. पण त्या १८ जणांनाच का निवडलं, मुलाखती साधारण किती वेळ चालल्या, कोणत्या भाषेत झाल्या, भाषांतर कोणी केलं, आणि उद्धरणांपासून संकल्पनेपर्यंत तुम्ही कोणत्या पायऱ्यांनी गेलात, हे लिहिता येतं. ‘विषयसूत्रं समोर आली’ हे वाक्य टाळा. ती आपोआप समोर येत नाहीत, संशोधक ती घडवतो. कशी घडवली तेच वाचकांना हवं असतं.

समाजमाध्यमांवरची माहिती वापरली असेल तर कोणत्या तारखांची, कोणत्या शोधशब्दांनी, कोणत्या साधनाने गोळा केली हे नोंदवा. हे आता जास्तच गरजेचं आहे. फेसबुकवरच्या पोस्ट शोधायचं ‘क्राउडटँगल’ हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झालं आणि ट्विटरचा, आताच्या एक्सचा, संशोधकांना मिळणारा मोफत प्रवेश २०२३ मध्ये संपला, त्यामुळे तीच माहिती पुन्हा मिळवणं अनेकदा अशक्य असतं. आणखी एक जोखीम आहे. सामान्य माणसाची पोस्ट जशीच्या तशी उद्धृत केली तर शोधयंत्रात टाकून तिचा कर्ता सापडतो, नाव झाकलेलं असलं तरी. आशय राखून शब्द बदला किंवा परवानगी घ्या, आणि काय केलं ते नैतिकतेच्या निवेदनात लिहा.

ओळख पुसणं

बहुतेक संज्ञापन जर्नलांत लेखक आणि परीक्षक एकमेकांना अनोळखी ठेवले जातात. नाव काढून टाकलं म्हणजे झालं असं समजतात आणि ओळख भलतीकडूनच फुटते: आभारांतून, अनुदानाच्या क्रमांकातून, ज्याच्या नैतिकता समितीने मान्यता दिली त्या विद्यापीठाच्या नावातून, फाइलच्या नावातून, वर्डच्या गुणधर्मांत राहिलेल्या लेखकाच्या नावातून, जुन्या दुरुस्त्यांच्या टिपांतून. वर्डमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा आणि नंतर पीडीएफचे गुणधर्मही उघडून पाहा. ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ याऐवजी तृतीय पुरुषी उल्लेख करा. माहितीसाठा ओएसएफ या संशोधनसामग्री ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवला असेल तर तिथे नाव न दिसणारा दुवा तयार करण्याची सोय आहे. साधा दुवा दिला तर एका क्लिकवर सगळं उघड होतं.

मांडणी, पत्र आणि अपलोड

संदर्भांसाठी बहुतेक ठिकाणी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैली, २०१९ ची सातवी आवृत्ती मागतात. तिच्यात तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिलं नाव ‘आणि इतर’सह येतं, आणि सूचीत २० लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची असतात. संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअरं वेळ वाचवतात, पण बाहेरून ओढलेल्या नोंदींत मोठ्या अक्षरांतली शीर्षकं आणि गाळलेले अंक-क्रमांक तसेच राहतात. सूची एकदा डोळ्यांनी तपासाच. शब्दमर्यादेत संदर्भ आणि तक्ते धरले आहेत का हे नीट वाचा. मर्यादा ओलांडलेला निबंध अनेक ठिकाणी न वाचताच परत येतो. जाहिराती, वृत्तछायाचित्रं, चित्रपटातल्या चौकटी छापायच्या असतील तर परवानगीचं काम आधीच सुरू करा, त्याला महिने लागू शकतात.

संपादकांना द्यायचं पत्र एका पानाच्या आत असावं. दावा काय आहे, तो याच जर्नलच्या वाचकांना का हवा, निबंध दुसरीकडे विचारात नाही, परिषदेत वाचला असेल किंवा प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे परीक्षणाआधीच ऑनलाइन, ठेवला असेल तर तो उल्लेख, आणि याच माहितीवर आधी काही छापलं असेल तर त्याचा खुलासा. एकाच वेळी दोन जर्नलांकडे पाठवणं हा गंभीर गैरप्रकार मानला जातो. परीक्षक सहसा मोबदला न घेता काम करतात, आणि तेच काम दोन गटांकडून करून घेतलं जातं. एका अभ्यासाचे बारीक तुकडे करून अनेक निबंध काढण्यालाही तोच आक्षेप आहे. एआय साधनांचं नाव लेखक म्हणून देता येत नाही, कारण मजकुराची जबाबदारी ते साधन घेऊ शकत नाही, अशी प्रकाशननीतीच्या कोप या संस्थेची २०२३ ची भूमिका आहे. वापर केला असेल तर कुठे आणि कशासाठी ते सांगायचं असतं.

स्कॉलरवन, एडिटोरियल मॅनेजर किंवा ओपन जर्नल सिस्टिम्स यांपैकी एखाद्या प्रणालीतून फाइली चढवाव्या लागतात. बहुतेकदा प्रणाली त्यांतून एक पीडीएफ तयार करते आणि परीक्षकांना तीच दिसते. ती पानन्‌पान पाहा. तक्ते तुटतात, आकृत्या उलट्या क्रमाने येतात आणि रोमनखेरीज इतर लिपीतल्या उद्धरणांच्या जागी चौकोन दिसतात.

निर्णय आणि उत्तराचं पत्र

निबंध परीक्षणाला गेला की दोन ते चार महिने सहज जातात. बराचसा वेळ वाचण्यात जात नाही, तो परीक्षक मिळण्यात जातो. विचारलेल्यांपैकी अनेक जण नकार देतात. चार महिन्यांनी निबंधाचा क्रमांक देऊन दोन ओळींची विचारणा करायला हरकत नाही.

पहिल्याच फेरीत स्वीकृती फार दुर्मीळ असते. ‘मोठे बदल करून पुन्हा पाठवा’ हे उत्तर चांगली बातमी आहे, हे नव्या लेखकांना पटवून द्यावं लागतं. संपादकांना निबंधात जीव दिसला नसता तर त्यांनी तो परत केला असता. प्रत्येक सूचना जशीच्या तशी लिहा, खाली तुमचं उत्तर द्या आणि बदल कोणत्या पानावर, कोणत्या ओळींत आहे ते सांगा. बदललेलं वाक्यही तिथेच चिकटवा. ‘सूचनेप्रमाणे बदल केला आहे’ एवढंच लिहिलं तर परीक्षकांना सारा निबंध पुन्हा चाळावा लागतो.

सूचना पटली नाही तर नकार देता येतो, कारणासह. उदाहरणार्थ: ‘वयोगटानुसार वेगळं विश्लेषण सुचवलं आहे. पण सर्वांत लहान गटात फक्त २३ सहभागी आहेत, त्यामुळे त्यावरून निघणारा अंदाज भरवशाचा नसेल. ही मर्यादा आता पान १९ वर नोंदवली आहे.’ परीक्षकांचा गैरसमज झाला असेल तर त्याची मुळं बहुधा तुमच्या वाक्यात असतात. समजावणं उत्तराच्या पत्रात ठेवून भागत नाही, निबंधातलं वाक्यही बदलावं लागतं. दोन परीक्षक परस्परविरोधी मागण्या करत असतील तर कोणती धरली आणि का, हे संपादकांना उद्देशून लिहा.

नाकारलेला निबंध दुसऱ्या दिवशी तसाच दुसरीकडे पाठवू नका. क्षेत्र लहान आहे, आणि तोच निबंध त्याच परीक्षकांकडे जाण्याची शक्यता बरीच असते. निर्णयाविरुद्ध दाद मागायची असेल तर तथ्याची चूक दाखवता आली पाहिजे; मतभेदावर ती सहसा टिकत नाही.

स्वीकृतीनंतर परवाना किंवा स्वामित्वहक्काचा करार येतो. सही करण्याआधी स्वीकृत मसुदा संस्थेच्या भांडारात कधी ठेवता येईल, हे कलम वाचा. मग प्रूफ येतं, बहुतेकदा दोन-तीन दिवसांच्या मुदतीने. तेव्हा मजकूर सुधारत बसू नका. लेखकांच्या नावांची अक्षरं, तक्त्यांतले दशांश, ऋण चिन्हं आणि आकृत्यांचे क्रमांक तपासा; मजकुराची जुळणी करताना बिघडतात ते हेच. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) मिळून लेख प्रसिद्ध झाल्यावर एक ऋण चिन्ह दुरुस्त करायलाही स्वतंत्र दुरुस्ती-पत्रक छापावं लागतं.